पंचांचा निवाडा आणि न्यायालयाची मर्यादा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी बडतर्फी, लवाद आणि न्यायालय असला रुक्ष विषय का निवडला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तंजावरच्या मराठी मंडळात सरस्वती महालातील पोथ्या, मोडी कागद, राजांची नाटके किंवा मठांची परंपरा यांविषयी बोलावे, ही रीतच आहे आणि ती योग्यही आहे. परंतु आपल्या बहुसंख्य कुटुंबांचा चरितार्थ पोथ्यांवर चाललेला नाही. तो नोकरीवर चालला आहे. आधी दरबारची चाकरी, मग कलेक्टर कचेरी, शाळा, रेल्वे, बँक आणि आता चेन्नई, होसूर, कोइमतूर येथील कारखाने, हा आपला प्रवास आहे. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला पाठीशी भाऊबंद नसतात, गावची जमीन नसते. त्याची नोकरी गेली म्हणजे भाड्याचे घर, मुलांची शाळा आणि चारचौघांतील पत ही सारी एकाच दिवशी डळमळतात. म्हणून नोकरी अन्यायाने गेली असता दाद कोठे मागावी, पंचाने दिलेला निवाडा कितपत अखेरचा असतो आणि न्यायालय त्यात केव्हा हात घालते, हे प्रत्येक घरात माहीत असावयास हवे.

आरंभ एका मराठी शब्दापासून करतो. ‘राजीनामा’ म्हटले की आज आपल्या मनात नोकरी सोडल्याचा कागद येतो. पेशवाईच्या काळात या शब्दाचा एक वेगळा अर्थ रूढ होता. वाद पंचायतीपुढे नेण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी, दोघेही ‘पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य’ असे लिहून देत. त्या लेखाला राजीनामा म्हणत. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पंचायत पद्धतीचे सविस्तर वर्णन आहे. स्वतः राजी होऊन पंच मान्य केल्यावर निवाडा आपल्याविरुद्ध गेला म्हणून कुरकुर करता येत नाही, हे त्या पद्धतीचे मर्म होते. पंचांनी पैसे खाल्ले किंवा उघड पक्षपात केला, असे असेल तरच प्रकरण सामान्यतः पुन्हा उघडले जाई. आजच्या लवाद कायद्याचा गाभाही हाच आहे. फरक इतकाच की पूर्वी वाद वतनाचा, जमिनीचा किंवा कर्जाचा असे आणि दोन्ही पक्ष बहुधा तोलामोलाचे असत. कारखानदार आणि त्याने काढून टाकलेला कामगार यांच्यामध्ये तो तोल कोठून असणार? या विषयातील सारी गुंतागुंत या एका प्रश्नातून निर्माण झाली आहे.

न्यायालयाचे दार मुळीच उघडत नाही तेव्हा काय होते, याचे उदाहरण तंजावरला बाहेर शोधावे लागत नाही. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी राजे शिवाजी निपुत्रिक निवर्तले. पुढील वर्षी ऑक्टोबर महिन्यात कंपनी सरकारने राज्याबरोबर राजवाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. परंतु लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो निर्णय फिरविला. ही कृती न्याय्य होती असे कौन्सिलने म्हटले नाही. तिचे म्हणणे एवढेच होते की हे राज्यसत्तेचे कृत्य आहे आणि न्याय्य असो वा अन्याय्य, ते तपासण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही. पुढे १८६२ मध्ये खासगी मालमत्ता परत मिळाली, पण ती हक्क म्हणून नव्हे, सरकारची कृपा म्हणून. कृपेने मिळालेले आणि हक्काने मिळालेले यांतील अंतर आपल्या पूर्वजांनी त्या वेळी अनुभवले. नोकरीच्या बाबतीतही कायद्याची वाटचाल याच अंतरावरून झाली आहे. मालकाच्या मर्जीवर चालणारी नोकरी हळूहळू हक्काच्या कक्षेत आली.

या वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा याच जिल्ह्यात गाठला गेला. तंजावरच्या भातशेतीत पन्नैयाळ, म्हणजे मिरासदाराकडे वर्षभर बांधलेला शेतगडी, पिढ्यान्‌पिढ्या राबत असे. त्याला कामावर ठेवणे आणि काढणे सर्वस्वी मिरासदाराच्या हाती होते. २३ ऑगस्ट १९५२ रोजी मद्रास सरकारने तंजावरपुरता एक वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. राजाजी त्या वेळी मुख्यमंत्री होते. एका गावात एक वेली, म्हणजे सुमारे पावणेसात एकरांहून अधिक जमीन असणाऱ्या मालकांना तो लागू होता. कुळाप्रमाणेच पन्नैयाळालाही त्याने संरक्षण दिले. मालकाने त्याला मनमानीने काढू नये, तंटा झाल्यास तो प्रथम समेट अधिकाऱ्यापुढे जावा आणि त्यावर महसूल न्यायालयात दाद मागता यावी, अशी त्याची रचना होती. शेतमजुराच्या बडतर्फीसाठी त्रयस्थ निवाड्याची सोय त्या काळी देशात फारच थोड्या ठिकाणी होती. परंतु परिणाम काय झाला? पुष्कळ मिरासदारांनी पन्नैयाळ ठेवणेच बंद केले आणि तीच माणसे रोजंदारीवर आली. रोजंदाराला बडतर्फ करावे लागत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी बोलावले नाही की झाले. कायद्याने दिलेला हक्क नात्याचे स्वरूप बदलून कसा निष्फळ करता येतो, हा धडा आजच्या कंत्राटी कामगाराच्या काळातही तितकाच खरा आहे.

आता कारखान्यांकडे वळू. सामान्य दिवाणी न्यायालय नोकराला पुन्हा कामावर घ्या, असा हुकूम सहसा देत नाही. सेवेचा करार कोणावर लादता येत नाही, नुकसानभरपाई घ्या आणि जा, असे जुने तत्त्व आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कामगारासाठी या तत्त्वाला अपवाद निर्माण केला. कामगार न्यायालय किंवा औद्योगिक न्यायाधिकरण त्याला मागील पगारासह कामावर परत घेण्याचा आदेश देऊ शकते. १९५६ मध्ये या कायद्यात कलम दहा-अ घालण्यात आले. त्यान्वये मालक आणि कामगार लेखी कराराने आपला वाद स्वतः निवडलेल्या लवादाकडे सोपवू शकतात. हाच आपला जुना राजीनामा, नव्या रूपात.

परंतु लवाद किंवा न्यायाधिकरण बडतर्फीचा विचार किती खोलवर करू शकते? सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या निर्णयात याचे उत्तर मर्यादित दिले. मालकाने खात्याची चौकशी करून शिक्षा दिली असेल तर न्यायाधिकरणाने अपील न्यायालयासारखे वागू नये. हेतू प्रामाणिक नसेल, सूडबुद्धी किंवा अनुचित कामगार प्रथा असेल, मूलभूत चूक किंवा नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल, अथवा निष्कर्ष सर्वस्वी निराधार वा विपरीत असेल, या चारच कारणांवरून त्याने हस्तक्षेप करावा, असे ठरले. शिक्षा अपराधाच्या मानाने फार कठोर आहे, एवढ्या कारणावरून ती सामान्यतः बदलता येत नसे. एखाद्या क्षुल्लक चुकीसाठी वीस वर्षांची नोकरी गेली, तरी चौकशी नियमानुसार झाली असल्यास कामगाराला फारसा उपाय उरत नसे.

ही कोंडी १५ डिसेंबर १९७१ पासून अमलात आलेल्या कलम अकरा-अ ने फोडली. न्यायाधिकरणाला पुराव्याचा स्वतः विचार करून निष्कर्ष काढण्याचा आणि शिक्षा कमी करण्याचा अधिकार मिळाला. १९७३ मध्ये मुंबईच्या फायरस्टोन कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावला. पूर्वी समाधान मालकाचे व्हावे लागे, आता ते न्यायाधिकरणाचे व्हावे लागेल, असा तो स्थूलमानाने सांगता येईल.

येथे आपल्या विषयाचा कळीचा प्रश्न उभा राहतो. कलम अकरा-अ मध्ये कामगार न्यायालयाचा आणि न्यायाधिकरणाचा उल्लेख आहे, लवादाचा नाही. मग दोन्ही पक्षांनी निवडलेल्या लवादाला हा अधिकार आहे काय? आणि त्याने चूक केली तर न्यायालय ती दुरुस्त करू शकते काय? प्रसिद्ध झालेला निवाडा अखेरचा असून कोणत्याही न्यायालयात त्यास आव्हान देता येणार नाही, असे अधिनियमातच म्हटले होते.

पहिले उत्तर एका मराठी न्यायमूर्तींनी दिले. साताऱ्यास जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर पुढे १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते आणि त्यानंतर पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्ष झाले. मुंबईच्या हिंद सायकल्स कंपनीच्या प्रकरणात १९६२ साली त्यांनी मधला मार्ग दाखविला. दहा-अ खालचा लवाद निव्वळ खासगी पंच नव्हे, कारण कायद्याने त्याच्या निवाड्याला बळ दिले आहे. तथापि तो राज्याने नेमलेले न्यायाधिकरणही नव्हे, कारण त्याची नेमणूक पक्षकारांच्या करारातून होते. म्हणून त्याच्याविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमतीचे अपील चालणार नाही. मात्र उच्च न्यायालयाच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकाराची वाट त्या निर्णयाने बंद केली नाही.

ती वाट रोहतास इंडस्ट्रीजच्या प्रकरणात डिसेंबर १९७५ मध्ये स्पष्ट झाली. बिहारमधील या कंपनीतील संपानंतर वाद लवादांकडे गेला होता. संप बेकायदा ठरवून कामगारांनीच कंपनीला नुकसानभरपाई द्यावी, असा निवाडा लवादांनी दिला. पाटणा उच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयास उचलून धरले. अधिनियमाने निवाडा अखेरचा म्हटला तरी राज्यघटना अधिनियमाहून श्रेष्ठ आहे, आणि निवाड्यात कायद्याची उघड चूक दिसत असेल तर उच्च न्यायालय ती दूर करू शकते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

बडतर्फीच्या बाबतीत या तत्त्वाची खरी कसोटी अहमदाबादला लागली. हे तेच शहर, जेथे १९१८ च्या गिरणी संपात गांधीजींनी पंच नेमण्याचा आग्रह धरला होता आणि आनंदशंकर ध्रुव यांचा पस्तीस टक्के वेतनवाढीचा निवाडा दोन्ही बाजूंनी मानला होता. १९७३ च्या आरंभी गुजरात स्टील ट्यूब्ज कंपनीत संप झाला. व्यवस्थापनाने ८५३ कामगारांना कामावरून कमी केले. आदेशांत शिक्षा हा शब्द नव्हता, सेवा समाप्त केली एवढेच म्हटले होते. चौकशी झाली नव्हती. पुष्कळ जण पुढे परत घेतले गेले, पण सुमारे चारशे जण बाहेरच राहिले. वाद लवादाकडे गेला आणि लवादाने व्यवस्थापनाची बाजू उचलून धरली. गुजरात उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द करून कामगारांना परत घेण्याचा आदेश दिला.

सर्वोच्च न्यायालयात १९ नोव्हेंबर १९७९ रोजी निर्णय झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती देसाई यांचे बहुमत झाले, तर न्यायमूर्ती कोशल यांनी भिन्नमत नोंदविले. बहुमताने तीन गोष्टी सांगितल्या. आदेशाला ‘सेवासमाप्ती’ म्हटले तरी त्याचे मूळ शिक्षेत असेल तर तो शिक्षेचाच आदेश होय. कलम अकरा-अ चा अधिकार लवादालाही आहे आणि प्रत्येक कामगाराचा दोष स्वतंत्रपणे न पाहता सरसकट शिक्षा मान्य करणे ही चूक आहे. आणि लवादाने जो अधिकार वापरावयास हवा होता, तो त्याने वापरला नाही, तर उच्च न्यायालय योग्य तो आदेश स्वतः देऊ शकते. माझ्या मते यांतील पहिली गोष्ट सर्वाधिक मोलाची आहे. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा माणसाचे काय केले आहे, ते न्यायालयाने पाहावे, हा तिचा अर्थ आहे.

परंतु याचा अर्थ निवाडा विरुद्ध गेलेल्या प्रत्येकाला उच्च न्यायालयात पहिल्यापासून पुन्हा भांडता येते, असा मुळीच नाही. मर्यादेचा मापदंडही गजेंद्रगडकरांनीच १९६३ च्या एका निर्णयात घालून दिला, आणि ते प्रकरण कामगारांचे नसून आपल्या या तमिळ मुलखातील मोटार-बस परवान्याचे होते. कायद्याची उघड चूक दुरुस्त होईल, वस्तुस्थितीच्या निष्कर्षातील चूक होणार नाही. योग्य पुरावा नाकारला असेल, अग्राह्य पुरावा निष्कर्षाचा आधार झाला असेल, किंवा निष्कर्षाला मुळी पुरावाच नसेल, तर मात्र ती कायद्याची चूक समजली जाईल. थोडक्यात, साक्षीदार खरा की खोटा हे ठरविणे पंचाचे काम. त्याने साक्षीदार ऐकला की नाही, हे पाहणे न्यायालयाचे काम.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथे तोल दुसऱ्या बाजूला झुकलेला आहे. १९६० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पोलाद कामगारांच्या तीन प्रकरणांत लवादाला मोठे स्वातंत्र्य दिले. त्यांपैकी एक बडतर्फीचेच होते. एका सहकाऱ्याला काढल्याच्या निषेधार्थ काम सोडून गेलेल्या कामगारांना लवादाने दहा दिवसांचा पगार कापून परत घेण्यास सांगितले होते. निवाडा सामूहिक करारातून निघालेला असेल तर न्यायालयाने आपला अर्थ त्यावर लादू नये, असे तेथे ठरले. तेथे लवाद हा बलवान संघटनेने आणि मालकाने मिळून उभारलेल्या व्यवस्थेचा भाग होता. आपल्याकडे बहुतेक कामगारांना ते बळ नाही, म्हणून न्यायालयाने दार किलकिले ठेवले. दोन्ही पद्धतींना आपापली किंमत मोजावी लागते. दार बंद असेल तर चुकीचा निवाडा कायम राहतो. दार उघडे असेल तर बरोबर निवाडासुद्धा वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो.

ही दुसरी किंमत कामगाराच्या घरातून वसूल होते. मालक वकिलाचे शुल्क खर्चात टाकतो, कामगार ते बायकोच्या दागिन्यांतून भरतो. हे ओळखूनच २१ ऑगस्ट १९८४ पासून कलम सतरा-ब लागू झाले. कामावर परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक वरच्या न्यायालयात गेला, तर निकाल लागेपर्यंत त्याने कामगाराला शेवटच्या दराने पगार द्यावा, मात्र कामगार दुसरीकडे पुरेसे कमवीत नसावा, अशी ही तरतूद आहे.

महाराष्ट्रातील एका शिक्षिकेचे प्रकरण येथे आठवते. खासगी संस्थेने तिला काढले. शाळा न्यायाधिकरणाने ती बडतर्फी रद्द करून पूर्ण मागील पगार देवविला. उच्च न्यायालयाने नोकरी कायम ठेवली, पण मागील पगार काढून घेतला. ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत मिळवून दिला. अन्यायाने काढलेल्या नोकराला मागील पगारासह परत घेणे हा सामान्य नियम आहे, आणि न्यायदानातील दिरंगाईचा भुर्दंड नोकरावर पडू नये, असे त्या निर्णयाचे सार आहे. तेथे लवाद नव्हता, न्यायाधिकरण होते. तरी पुराव्यावर आधारलेला निवाडा वरच्या न्यायालयाने आपल्या मताने कापू नये, हे तत्त्व दोहोंना सारखेच लागू पडते.

१९४७ चा अधिनियम आता इतिहासजमा झाला आहे. त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. स्वेच्छेचा लवाद, बडतर्फीची शिक्षा बदलण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार आणि वरिष्ठ न्यायालयातील काळातला पगार या गोष्टी तिच्यात आहेत. बडतर्फ कामगाराने थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. कायदा बदलला तरी उच्च न्यायालयाचा अधिकार राज्यघटनेतून आलेला असल्याने तो अबाधित आहे.

शेवटी घरोघरी लक्षात ठेवण्याजोग्या चार गोष्टी सांगतो. खात्याच्या चौकशीस हजर राहावे आणि आपले म्हणणे लेखी द्यावे. पुढे सारी इमारत त्याच कागदांवर उभी राहते. दडपणाखाली राजीनामा लिहू नये. तो बडतर्फीचाच दुसरा चेहरा असू शकतो, पण तसे सिद्ध करण्याचे ओझे लिहिणाऱ्यावर पडते. लवाद मान्य करण्यापूर्वी त्याची निःस्पृहता पारखून घ्यावी आणि निवाडा सकारण असावा असा आग्रह धरावा, कारण नंतर तो नुसता आवडला नाही म्हणून बदलता येणार नाही. आणि मुदत चुकवू नये. सरकारी नोकरांचा मार्ग अनुच्छेद ३११ चा आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचा बहुधा कराराचा. त्यांनी आपला मार्ग वेगळा आहे, हे जाणून वेळीच सल्ला घ्यावा.

पंचाला शब्द दिला तर तो पाळावा, ही आपली जुनी शिकवण आहे. परंतु शब्द देणारे दोघे समान बळाचे नसतात, तेव्हा त्या शब्दावर कोणीतरी नजर ठेवणारा लागतो. तो न्यायालयाने व्हावे, मात्र पंचाची जागा बळकावू नये, एवढेच आजच्या विवेचनाचे सार आहे. कामाक्षीबाईसाहेबांना न मिळालेले दार आज सामान्य कामगारालाही ठोठावता येते, हे थोडके नव्हे. मात्र ते ठोठावणाऱ्याच्या पाठीशी चार माणसे उभी असावी लागतात. परमुलखात ती माणसे म्हणजे आपले मंडळ होय. पुढील पन्नास वर्षांत मंडळाने सण-उत्सवांबरोबर अशा अडचणीच्या प्रसंगीही आपल्या माणसांना आधार द्यावा, ही इच्छा व्यक्त करतो.